पाण्यातल्या बाभळी

मी रेवदंड्याची.
म्हणजे खाडीची, म्हणजे तिवरांची.
ओहोटीला चिखलातून वर आलेली बोटभर मुळं
माझ्या तळपायांना नावानिशी ओळखत.

सावद्याला येऊन एकोणीस वर्षं झाली.
इथे गाव संपलं की केळी,
केळी संपली की पुन्हा केळी,
आणि सातशे फुटांवरून मोटारीनं ओढलेलं पाणी,
ज्याला कसलाच वास नाही.

जानेवारीत फिरके सरांनी
पक्षीगणनेत माझं नाव घातलं, मला न विचारता.
हतनूरचं फुगवट्याचं पाणी,
सकाळी साडेसहा, सुपडू भोईंची होडी.
लांब दीपनगरच्या चिमण्यांचा धूर
आणि पाण्यावरची वाफ
कुठे एक होत होती कळेना.

थापट्या चारशे दहा.
चक्रवाक तीस, जोडीजोडीनं.
तलवार बदकं सर म्हणाले दोनशे,
मी म्हटलं दोनशे चाळीस,
सुपडूभाऊ म्हणाले, "आता शून्य."
वर पाहिलं तर खरंच, सगळा थवा आकाशात.

आणि मग होडी वळली,
आणि माझ्या तोंडातून माहेरचं काहीतरी निघालं.

पाण्यात झाडं उभी होती.
कमरेपर्यंत पाणी, शेकड्यांनी,
फांद्या पांढऱ्याफटक, मीठ साचल्यासारख्या.

मीठ कुठलं. पाणकावळ्यांची शिट.
तिवरं कुठली. बाभळी.
धरणात बुडलेल्या, काट्यासकट काळ्या पडलेल्या.

"मेलेली आहेत," मी म्हटलं,
जरा रागानंच, फसवल्यासारखं वाटून.
सुपडूभाऊंनी वल्हं थांबवलं.
"मेलं न्हई ते, बाई. थांबेल हाये.
चैतात पानी उतरलं का पाह्य,
पाला फुटतो. बकऱ्या चारतो माहा पोरगा अठी."

मी सांगू लागले, आमच्याकडची झाडं थांबत नाहीत.
दिवसातून दोनदा बुडतात, दोनदा निघतात,
बी फांदीवरच रुजवतात,
पोर कडेवर घेऊन चिखलात उभ्या बाईसारखी.
बोलत राहिले. जरा जास्तच.
फिरके सर दुर्बिणीची काच पुसत राहिले.

"मंग ही तापीमाय कुठी जाते?"
सुरतेला, मी म्हटलं.
"तठी काय हाये?"
समुद्र.
"न् तुमची ती झाडं?"
असतील.
"मंग," म्हणाले, आणि वल्हवू लागले.

एका उघड्या बेटाला लागलो.
ओल्या मातीवर पाच बोटांचे ठसे,
मधे पडदा. उद.
तो स्वतः दिसला नाही, दिसणारही नव्हता.
दगडावर त्याची विष्ठा होती फक्त,
काळसर, माशांच्या खवल्यांनी चमचमणारी.
सर टेप काढून मापू लागले.
मी वाकले.
कुणी पाहत नाही असं बघून आणखी वाकले.

सुकत घातलेली बोंबलांची दांडी,
कुजका पाला, भरतीच्या रेषेवरचा फेस,
आईचा ओला पदर.
एकोणीस वर्षं शोधत होते तो वास
इथे, तापीच्या गोड्या पाण्यात,
एका न दिसलेल्या जनावरानं
दगडावर ठेवून दिला होता.

घरी परतल्यावर फॉर्म भरला.
अधिवास: जलाशय.
पक्षी: सोबत यादी.
बुडीत वृक्ष, स्थिती: जिवंत / मृत, लागू नसेल ते खोडा.
मी दोन्ही खोडलं
आणि वर पेन्सिलीनं लिहिलं, थांबेल.

गेल्या आठवड्यात जळगावच्या कार्यालयातून
फॉर्म परत आला.
लाल शाईत, समासात:
"सदर शब्दाचा अर्थ कळवावा."

अजून कळवलेला नाही.
चैत्र लागायचाय.